मेडिकलच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि काउंटरवरचा प्रश्न

पुढच्या वेळी तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलात की काउंटरमागच्या भिंतीकडे बघा. देवाच्या तसबिरीशेजारी दोन-तीन चौकटी टांगलेल्या दिसतील. एकीत अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, म्हणजे फॉर्म २० आणि २१. दुसरीत फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरच्या फोटोत बहुधा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा असतो आणि काउंटरवर पन्नाशीचा माणूस उभा असतो. मधल्या तीस वर्षांत तो काय शिकला, हे कुठल्याच चौकटीत लिहिलेलं नसतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित सिरपने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यातली बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. तेव्हापासून लोक विचारू लागले आहेत की दुकानात खरंच शिकलेला माणूस असतो का. प्रश्न रास्त आहे. त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही: शिकलेला असेल तर कधी शिकलेला?

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फार्मासिस्ट आहे. हा दुसरा प्रश्न मला माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, म्हणून तो नीट उलगडून सांगतो.

पदवी कधीची, औषधं कधीची

आपल्याकडे बहुतेक मेडिकलमध्ये डी. फार्म. झालेले लोक असतात. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि वर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. या पदविकेचा अभ्यासक्रम १९९१ च्या नियमांनी ठरला होता आणि २०२० चे नवे नियम येईपर्यंत, जवळपास तीस वर्षं, तोच चालू राहिला. मीही तोच शिकलो.

त्या काळात औषधं मात्र थांबली नाहीत. लहान मुलांच्या तापावर सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद झालं. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू झालं. काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या गोळ्या अशा ४६ औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा त्याचा नियम. एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली अनेक कॉम्बिनेशनं सरकारने काढून टाकली: कोर्टकज्ज्यांनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. डिसेंबर २०२३ मध्ये सर्दीच्या एका नेहमीच्या कॉम्बिनेशनवर ‘चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये’ अशी सूचना छापणं सक्तीचं झालं. मार्च २०२५ मध्ये तिर्झेपटाइड बाजारात आलं, आठवड्यातून एकदा टोचायचं. लोक त्याला ‘वजनाचं इंजेक्शन’ म्हणतात. त्याचा डोस हळूहळू वाढवायचा असतो आणि ते फ्रीजमध्ये सांभाळावं लागतं.

गावातला जुना वायरमन आठवा. त्याने फ्यूजच्या तारा बांधण्यात आयुष्य घालवलं आणि हात चांगला होता म्हणून लोकांचा विश्वास बसला. आता घरात एमसीबी आली, इन्व्हर्टर आला, छपरावर सोलर आलं. त्याचा हात अजूनही तितकाच चांगला आहे. तरी सोलरच्या जोडणीला हात लावण्याआधी त्याने कोणाकडून तरी शिकून घेतलेलं बरं. औषधाच्या काउंटरचंही असंच आहे. फरक इतकाच की इथे उडणारा फ्यूज माणसाच्या अंगातला असतो.

कायदा किती शिकायला सांगतो?

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची. ही नोंदणी आपल्याकडे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. एकदा नोंदणी झाली की पुढे काय शिकायचं, याबद्दल देशभर लागू असा नियम व्हायला २०१५ उजाडावं लागलं. त्या वर्षी ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स’ आली. नोंदणीचं नूतनीकरण हवं असेल तर पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करावेत, प्रत्येक किमान एक दिवसाचा, असं त्यांत म्हटलं आहे.

पाच वर्षांत दोन दिवस. शेजारी ठेवायला म्हणून सांगतो: महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत फार्मासिस्टला दोन वर्षांत साधारण ३० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आपला नियम तोकडा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियम नव्हता त्यापेक्षा तो आला हे चांगलं झालं. मी केलेल्या दोन रिफ्रेशरांपैकी एकाने मला खरोखर काही दिलं. तिथे एका बाईंनी इनहेलर हातात देऊन प्रत्येकाला ओढून दाखवायला लावलं आणि आमच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना तो नीट ओढता येत नव्हता. आम्हीच तो लोकांना शिकवत होतो.

तयार कपडा आणि मापाचा कपडा

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल. ‘कंटिन्युइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट’, म्हणजे पेशात असेपर्यंत स्वतःला घडवत राहणं. पुढे मी त्याला सीपीडी म्हणेन. जगभरच्या फार्मासिस्टांच्या महासंघाने, एफआयपीने, २००२ मध्ये याची व्याख्या केली. ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती पद्धतशीरपणे टिकवणं, वाढवणं आणि रुंदावणं ही ज्याची त्याची जबाबदारी आहे आणि ती पूर्ण कारकीर्दभर आहे, असा तिचा आशय.

रिफ्रेशर आणि सीपीडी एकच, असं बरेच जण धरून चालतात. रिफ्रेशर म्हणजे दुकानातला तयार शर्ट. सगळ्यांसाठी तेच माप, तोच रंग. हॉलमध्ये दोनशे जण बसतात. त्यांत कॅन्सर रुग्णालयातला फार्मासिस्ट असतो आणि ज्याच्याकडे दिवसभर जनावरांची औषधं मागायला शेतकरी येतात तोही असतो. सीपीडी म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेला शर्ट. माझ्या काउंटरवर कोण येतं, मला कुठे अडतं, तिथून त्याची सुरुवात होते. तयार शर्ट वाईट नसतो. पण खांद्यात घट्ट होत असेल तर तो तसाच घालून हिंडण्यात अर्थ नाही.

पुस्तकांत सीपीडीच्या चार पायऱ्या सांगतात: मला काय येत नाही ते ओळखणं, कसं शिकायचं ते ठरवणं, शिकणं, आणि शिकल्याने कामात काही बदललं का ते तपासणं. वाचायला कोरडं वाटतं. मलाही वाटायचं. माझ्या काउंटरवर झालेलं सांगतो.

कोपीवरचं इन्सुलिन

आमच्या भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक मावशी आल्या. शुगरची इंजेक्शनं घेणाऱ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या मी बर्फाच्या पिशवीत घालू लागलो आणि नेहमीचं वाक्य म्हणालो, “मावशी, फ्रीजमध्ये ठेवा.”

त्या म्हणाल्या, “भाऊ, कोपीवर फिरीज कुठला आणू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कित्येक वर्षं मी हे वाक्य म्हणत आलो होतो. इतक्या वर्षांत माझ्याकडून इन्सुलिन नेणाऱ्या किती जणांकडे फ्रीज नव्हता, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ही पहिली पायरी. हॉलमधल्या कुठल्या भाषणाने मला ती दाखवली नसती.

दुसरी पायरी ठरवण्याची. मावशी चार दिवसांनी निघणार होत्या. मी दोन गोष्टी शोधायच्या ठरवल्या: इन्सुलिन फ्रीजबाहेर किती टिकतं आणि फ्रीज नसेल तर लोक काय करतात. तिसरी पायरी शिकण्याची. बाटलीसोबतची बारीक अक्षरातली घडीची चिठ्ठी मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. एका सरकारी रुग्णालयातल्या फार्मासिस्ट मैत्रिणीला फोन केला. त्यातून कळलं ते असं. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात घेतलेली बाटली थेट उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब ठेवली तर साधारण चार आठवडे फ्रीजशिवाय चालते. ती बाटली तर त्यांची दोन आठवड्यांच्या आत संपते. म्हणजे अडचण चालू बाटलीची नव्हतीच, सोबत नेलेल्या साठ्याची होती. आणि ज्या भागात वीज नाही तिथे लोक मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरतात, पाणी सुकत जातं तसा आतल्या मडक्यात गारवा राहतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण.

मग मावशींना सहा महिन्यांचा साठा न देता दोनच बाटल्या दिल्या. मडक्याचं समजावलं. पुढच्या बाटल्या कारखान्याजवळच्या गावातून घ्या म्हणून चिठ्ठीची झेरॉक्स दिली. एका दोनशे पानी वहीत तारीख घालून प्रश्न आणि उत्तर लिहून ठेवलं. ती माझी सीपीडीची पहिली नोंद. चौथी पायरी, म्हणजे याचा उपयोग झाला का, ती बाकी होती. मावशी परत येईपर्यंत ती कळणार नव्हती, म्हणून मीही ती शेवटी सांगतो.

‘एवढी वर्षं दुकान चालवतोय, मला काय शिकवणार?’

माझ्या पेशातले ज्येष्ठ हे मनापासून म्हणतात आणि मी त्यांचा मान ठेवतो. औषधांची नावं, डॉक्टरांचं अक्षर, गिऱ्हाइकाची नड ओळखणं हे त्यांच्याकडून मी शिकलो. पण अनुभव फक्त एवढंच सांगतो की आपण एखादी गोष्ट खूप वेळा केली. ती बरोबर केली का, हे अनुभव आपणहून सांगत नाही. कारण चूक झालेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा परत येऊन सांगत नाही, ते दुसऱ्या दुकानात जातं किंवा दवाखान्यात.

एक उदाहरण घ्या. मांडीच्या सांध्यात, गुप्तांगाजवळ खाज येते म्हणून माणूस येतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमकडे जातो. चार दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण पसरतं. आता हाच माणूस डायबिटीसचा आहे आणि त्याला दोन महिन्यांपूर्वी ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली गोळी सुरू झाली आहे, असं समजा. या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्या साखरेवर बुरशी वाढू शकते. ज्याला हे ठाऊक आहे तो क्रीम देण्याआधी विचारेल, “शुगरची कुठली गोळी चालू आहे?” आणि डॉक्टरांकडे परत पाठवेल. ज्याचं शिक्षण या गोळ्या येण्याआधी संपलं आणि पुढे वाढलं नाही, त्याला हा प्रश्न सुचणारच नाही. त्याची नियत चांगली असूनही.

‘वेळ कुठाय?’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. तालुक्याचं मेडिकल सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहा-साडेदहाला बंद होतं. बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्ट एकटा असतो आणि तोच मालक, तोच हिशोबनीस. तो जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसभराच्या कोर्सला गेला तर कायद्याने चिठ्ठीवरची विक्री थांबवावी लागते. नोकरी करणाऱ्याची अडचण वेगळी: मालक सुट्टी देत नाही, दिली तर पगार कापतो.

हे फक्त आपलं रडगाणं नाही. ब्रिटनमध्ये २००० ते २०१० या दशकात फार्मासिस्टांना सीपीडीबद्दल काय वाटतं याचे बरेच अभ्यास झाले. शिकत राहायला हवं, हे बहुतेकांना तत्त्वतः मान्य होतं. मग घोडं कुठे अडत होतं? वेळ नाही, पैसे कोण देणार, नेमकं काय करायचं ते समजत नाही, कामाच्या जागी कोणाचा आधार नाही, सक्ती नको वाटते. आमच्या केमिस्ट संघटनेच्या बैठकीत बसलात तर हीच वाक्यं मराठीत ऐकू येतील.

माझा अनुभव असा की दिवसभराचा हॉल परवडत नाही, पण दुपारी दोन ते चारच्या निवांत वेळेत वहीतला एक प्रश्न परवडतो. तरी सगळा भार त्या एकट्या माणसावर टाकणं अन्याय होईल. कोर्स तालुक्याला यायला हवेत, मराठीतून व्हायला हवेत, आणि बदली फार्मासिस्टची सोय कोणीतरी करायला हवी.

‘शिकून चार पैसे जास्त मिळतात का?’

नाही मिळत. खोटं कशाला सांगू? सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं. ते गोळ्या विकण्याबद्दल मिळतं. मावशींना मडक्याचं समजावायला मला वीस मिनिटं लागली आणि त्याचा मोबदला शून्य. उलट साठा कमी दिल्याने विक्री घटली. ही धंद्याची रचनाच शिकण्याच्या विरोधात आहे. त्यात काही ठिकाणी प्रमाणपत्र भाड्याने देण्याची जुनी कीड. ज्याचं नाव भिंतीवर आहे तो दुकानात पाऊलच ठेवत नाही. त्याने शिकावं तरी कोणासाठी? २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे म्हणून कारवाया झाल्या, तेव्हा राज्यभर केवढा विरोध झाला ते जुन्या लोकांना आठवत असेल. मला तेव्हाही ती कारवाई योग्य वाटली होती आणि आजही वाटते.

‘सक्तीने कोण शिकतं?’

सक्तीने हजेरी लागते, हे खरं. सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, असे कोर्स मी पाहिले आहेत. पण सक्ती कशाची करायची हे बदलता येतं. ब्रिटनच्या नियामक संस्थेने आधी वर्षाला नऊ नोंदी मागितल्या होत्या. लोक त्या उरकून टाकतात अशी तक्रार होती. २०१८ पासून त्यांनी पद्धत बदलली. आता वर्षाला सहा नोंदी: चार शिकण्याच्या, एक सहकाऱ्याशी आपल्या कामाबद्दल केलेल्या चर्चेची आणि एक स्वतःच्या कामाकडे मागे वळून बघण्याची. शिकण्याच्या नोंदीत रुग्णाला काय फायदा झाला तेही लिहायचं. मला यातली सहकाऱ्याशी चर्चा फार आवडली. तिला ना हॉल लागतो ना फी. दोन मेडिकलवाले चहावर बसून “या महिन्यात तू कुठे अडलास?” एवढं विचारतील तर सुरुवात झाली.

‘मोबाइलवर सगळं मिळतं की’

मिळतं, पण प्रश्न सुचला तर. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून कोणी ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर वार राहून गेला आणि ‘रोज एक’ असं वाचलं गेलं, तर मोबाइल आपणहून ओरडणार नाही. तिथे शंका यावी लागते, आणि शंका यायला आधी शिकलेलं असावं लागतं.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय करू शकता

भाव विचारता तसे प्रश्न विचारा. डोस चुकला तर काय करू? माझ्या बाकीच्या गोळ्यांसोबत चालेल का? बाळाला देताय ते ड्रॉप्स आहेत की सिरप? हा शेवटचा प्रश्न बारीक वाटतो, पण पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२०. सिरप समजून चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर ड्रॉप्स पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. औषधाने त्रास झाला तर तो कळवायला सरकारचा टोल-फ्री क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. फार्मासिस्ट “बघून सांगतो” म्हणाला तर त्याला अडाणी समजू नका. तो पहिल्या पायरीवर उभा आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन उत्तर मागा.

मावशी परत आल्या

गुढीपाडव्याच्या आसपास मावशी परतल्या. मडकं चाललं होतं, शेजारच्या कोपीतल्या एका म्हाताऱ्यानेही आपली बाटली त्यात ठेवली होती. पण साखर चढलेली होती, रिपोर्ट घेऊनच आल्या होत्या. इन्सुलिन खराब झालं असेल असं मला वाटलं. म्हटलं, “मावशी, सुई दाखवा बरं.” त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली. टोपण नारिंगी होतं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ‘४०’ च्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. या बाटल्यांसाठीच्या सिरिंजचं टोपण लाल असतं. नारिंगी टोपणाची सिरिंज ‘१००’ च्या इन्सुलिनसाठी असते. नारिंगी सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत ‘४०’ चं इन्सुलिन ओढलं तर अंगात वीस नाही, आठच युनिट जातात. मी दिलेल्या सिरिंजा संपल्यावर मावशींनी तिकडच्या एका दुकानातून बाटलीसोबत सिरिंजा घेतल्या. देणाऱ्याने टोपणाचा रंग बघितला नाही. आणि पुढच्या बाटल्या तिकडे घ्या असं सांगताना सिरिंजेबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं, मावशींना तिथूनच त्यांच्याकडे पाठवलं. संध्याकाळी वही काढली. कोपीच्या नोंदीखाली चौथ्या पायरीसाठी जागा सोडली होती, तिथे लिहिलं: ‘मडकं बरोबर. सिरिंज राहिली.’ मग नवीन पान उघडून तारीख घातली आणि इन्सुलिन नेणाऱ्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आठवून लिहायला बसलो. त्या वर्षीच्या दिवाळीपासून ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीवर मी एक लाल टोपण चिकटपट्टीने लावून देतो.